दर्याचा पहारा कोणाच्या खर्चाने?

परवा एका दिवाणी दाव्याच्या निमित्ताने वडगाव रासाई येथे जाण्याचा प्रसंग आला. काम आटोपल्यावर भीमेच्या काठी चार मंडळींत बसलो असता गोष्ट उसाच्या बिलावरून निघाली, ती खतांच्या भावावर गेली आणि तेथून सरकारच्या खर्चावर आली. तेव्हा एका वृद्ध बागाइतदाराने आम्हांस सरळ प्रश्न केला : "वकीलसाहेब, हा समुद्राच्या पहाऱ्याचा खर्च आमच्या डोक्यावर का? आमचं पाणी भीमेचं. दर्याशी आमचा काय संबंध? मुंबईवाल्यांनी आणि कोकणातल्यांनी तो भार उचलावा." बसलेल्या मंडळींनी माना डोलावल्या. प्रश्न विचारणारा गृहस्थ अडाणी नव्हे. आपल्या पाटपाण्याचा हिशेब तो कोणाही अंमलदारास तोंडपाठ म्हणून दाखवील. आणि हे मत त्याचे एकट्याचेही नव्हे. पुण्यातील सुशिक्षितांत, वकिलांच्या खोलीत, इतकेच काय पण वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांतही तेच मत अधिक गुळगुळीत शब्दांत ऐकू येते. सबब त्यास जाहीर उत्तर देणे आम्हांस अवश्य वाटते.

भीमाशंकराच्या माथ्यावरून पश्चिमेस उतरले तर अरबी समुद्र फार दूर नाही. परंतु भीमा त्या समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेस वळते, कृष्णेस मिळते आणि शेकडो कोस चालून बंगालच्या उपसागरास जाते. नदीस उतार असेल तिकडेच जाणे प्राप्त आहे. तिच्या काठच्या माणसास तशी कोणाचीच सक्ती नाही. असे असता देशावरील माणसाने दर्याकडे जी पाठ केली आहे, ती केवळ सवयीने केली आहे.

त्या बागाइतदाराच्या घरातीलच जिनसा मोजून पाहू. विहिरीवरच्या इंजिनात आणि ट्रॅक्टरात जे डिझेल जळते त्याचे कच्चे तेल पाच हिश्शांपैकी चार हिश्शांहून अधिक परदेशातून येते, आणि ते जहाजानेच येते. देशात निघणाऱ्या तेलाचा मोठा वाटाही पुन्हा समुद्रातूनच, १९७४ साली सापडलेल्या मुंबई हायच्या विहिरींतून निघतो. उसाला लागणारे पोटॅश या देशात जवळजवळ निघतच नाही. ते बोटीने आणावे लागते. शिरूर-दौंडकडचा कांदा परदेशी निघाला म्हणजे त्याची वाट न्हावा-शेवा बंदरावरून आहे. वजनाच्या मापाने पाहिले तर हिंदुस्थानच्या परदेशी व्यापाराचा शेकडा ९५ भाग समुद्रमार्गे चालतो. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या दोन जहाजांची टक्कर झाली. तेल सांडले, मालाच्या पेट्या पाण्यावर तरंगू लागल्या आणि मुंबई व न्हावा-शेवा ही दोन्ही बंदरे काही दिवस बंद पडली. ते तेल आवरण्याचे काम तटरक्षक दलाच्या वाट्यास आले. जून २०२५ मध्ये कोलंबोहून न्हावा-शेव्याकडे येणारे 'वान हाय ५०३' हे जहाज केरळच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात पेटले. त्यावरील २२ खलाशांपैकी १८ वाचले, चौघे बेपत्ता झाले, आणि पेटते जहाज किनाऱ्यावर येऊन आदळू नये म्हणून तटरक्षक दल व नौदल यांची माणसे कित्येक दिवस भर पावसाळ्यात त्याच्याशी झगडत होती. ते जहाज आमच्याच बंदराकडे निघाले होते. तेव्हा दर्याशी संबंध नाही असे म्हणण्यापूर्वी आपल्या घरात काय जळते, शेतात काय पडते आणि खिशात काय येते हे एकदा तपासलेले बरे.

ही पाठ आजची नव्हे. देशावरच्या राज्यकर्त्यांस समुद्राची जाण करून देणारा पहिला पुरुष शिवछत्रपती. त्यांच्या मागे इ. स. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी जे आज्ञापत्र लिहिले, त्यात आरमारास एक स्वतंत्र प्रकरणच दिलेले आहे. त्यातील एक उपदेश आमच्या आजच्या विषयास इतका तंतोतंत लागू पडतो की तो प्रत्येक अर्थमंत्र्याच्या मेजावर असावा. अमात्यांच्या म्हणण्याचा इत्यर्थ असा : आरमाराचा खर्च मुलखाच्या ठरीव वसुलातून नेमून द्यावा, समुद्रावर जे काय हाती लागेल त्यावर त्याचे पोट ठेवू नये. तसे ठेवले तर आरमारवाले सावकारांस उपद्रव देतील, व्यापार बुडेल आणि बंदरे ओस पडतील. तीनशे वर्षांपूर्वी कागदावर उतरलेली ही अक्कल! आणि हिच्या उलट पुण्याने काय केले? १७५६ साली नानासाहेब पेशव्यांनी तुळाजी आंग्ऱ्यांशी असलेल्या वैराच्या भरात इंग्रजांची मदत घेतली. विजयदुर्ग पडला आणि आंग्ऱ्यांचे आरमार तेथेच जळून खाक झाले. तुळाजीचे अपराध थोडे होते असे आमचे म्हणणे नाही. तथापि आपल्या घरच्या भांडणात आपल्या हातांनी आपले आरमार परक्याकडून जाळविण्याचा निर्णय देशावरच झाला, आणि समुद्र ज्याच्या ताब्यात गेला त्याच्या ताब्यात पुढे साठ-बासष्ट वर्षांत शनिवारवाडाही गेला. इतिहासाचे हे पान शाळेत शिकविले जाते; त्याचा अर्थ शिकविला जात नाही.

असो. स्वराज्यात काय स्थिती आहे ते पाहू.

स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे समुद्रावरील चोरटा व्यापार अडविण्याचे आणि संकटातील खलाशी वाचविण्याचे काम नौदल व सीमाशुल्क खाते यांजवरच निभावले. रुस्तमजी समितीने १९७५ साली निराळ्या दलाची शिफारस केली. १ फेब्रुवारी १९७७ रोजी त्याची तात्पुरती स्थापना झाली आणि १९७८ च्या ऑगस्टात पार्लमेंटच्या कायद्याने तटरक्षक दल रीतसर अस्तित्वात आले. आरंभीचे भांडवल काय? नौदलाने उतरवून दिलेली दोन जुनी लढाऊ जहाजे आणि पाच लहान गस्ती नौका. आज त्या दलाजवळ दीडशेच्या आसपास लहानमोठ्या नौका आहेत, ही प्रगती सामान्य नव्हे, आणि ती मान्य न करणे अन्यायाचे होईल.

परंतु कायद्याने त्याच्या शिरावर काय काय घातले आहे तेही वाचले पाहिजे. कलम ४ म्हणते की हे संघराज्याचे सशस्त्र दल आहे. कलम १४ मध्ये त्याची कर्तव्ये सांगितली आहेत : समुद्रातील तेलविहिरी व इतर बांधकामे राखणे, मच्छीमारांचे रक्षण करणे व संकटात त्यांस साहाय्य देणे, समुद्राचे पाणी घाण होऊ न देणे, चोरटी आयात-निर्यात रोखण्यास सीमाशुल्क खात्यास मदत करणे, सागरी हद्दीतील कायदे अमलात आणणे, आणि पाण्यावरील जीवित व मालमत्ता सुरक्षित राखणे. म्हणजे फौजदार, अग्निशामक, रुग्णवाहिका, वनरक्षक आणि जकात-नाका या सर्वांची कामे एकाच दलाने करावयाची; आणि तीही वीस लाख चौरस किलोमीटरांहून अधिक पाण्यावर, जे क्षेत्र हिंदुस्थानच्या एकूण भूमीच्या निम्म्याहून बरेच मोठे आहे. २००८ च्या हल्ल्यानंतर किनाऱ्यालगतच्या पाण्यातील सुरक्षेची मुख्य जबाबदारीही याच दलाकडे सोपविण्यात आली.

आता खर्चाचा आकडा घ्या. २०२४-२५ सालच्या अर्थसंकल्पात संरक्षणाकडे ६ लाख २१ हजार कोटींवर रुपये होते; त्यांपैकी तटरक्षक दलास ७,६५१ कोटी. २०२५-२६ साली संरक्षणाचा आकडा ६ लाख ८१ हजार कोटींवर गेला आणि तटरक्षकांचा ९,६७६ कोटींवर. त्यातही नव्या नौका, विमाने इत्यादींसाठीची रक्कम ३,५०० कोटींवरून ५,००० कोटी झाली. ही वाढ स्तुत्य आहे आणि आम्ही तिचे स्वागत करतो. परंतु वाढ धरूनही हिशेब करावा तर संरक्षणाच्या शंभर रुपयांत या दलाच्या वाट्यास दीड रुपयाही येत नाही. वडगावच्या त्या वृद्धास ज्या भाराने ओणवे केले तो भार हा! शंभरांतले साडेअठ्ठ्याण्णव रुपये कोठे जातात हे कोणी विचारीत नाही आणि उरलेल्या दीड रुपयाबद्दल मात्र पारावर चर्चा होते, याचे कारण एवढेच की भूदलाचा शिपाई प्रत्येक गावात आहे, तटरक्षक कोणी पाहिलेला नाही. पाहिला तरी लोक त्यास नौदलातला समजतात.

हे झाले केंद्राच्या दलाचे. किनाऱ्यापासून आतल्या पाण्यात गस्त घालण्याचे काम सागरी पोलिसांचे, आणि तेथील कथा याहून खेदजनक आहे. या बाबतीत आमच्या सरकारांची रीत ठरून गेलेली दिसते. अनर्थ घडावा, मग समिती बसावी, मग पैसा यावा, मग विसर पडावा. जानेवारी-फेब्रुवारी १९९३ मध्ये रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडी येथे शस्त्रे व स्फोटके उतरली. १२ मार्च रोजी मुंबईत २५७ माणसे मेली. पुढे न्यायालयाने ज्यांस दोषी ठरविले त्यांत सीमाशुल्क व पोलीस या खात्यांतील माणसेही होती. ज्यांनी पहारा द्यावयाचा त्यांनीच माल सोडला. अमात्यांनी समुद्रावरच्या कमाईवर पोट ठेवू नका म्हणून जे बजाविले होते, त्याचे याहून भयंकर प्रत्यंतर कोणते? त्या वर्षी समुद्रावर संयुक्त गस्त सुरू झाली. किनारा सुरक्षा योजना मंजूर व्हावयास मात्र २००५ साल उजाडावे लागले. ती मंजूर होऊन जवळजवळ चार वर्षे होत आली होती, तोच २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी नौका बळकावून आलेले दहा जण रबरी होडीतून कुलाब्याच्या मच्छीमार नगरात उतरले. त्यांस हटकणारे कोळी होते, पहारेकरी नव्हते. १६६ जीव गेले. गिरगाव चौपाटीवर ज्यांनी आपल्या देहाने बंदूक अडवून एक मारेकरी जिवंत पकडून दिला ते तुकाराम ओंबळे जावळी तालुक्यातील केडंब्याचे, म्हणजे पुरते डोंगरातले. दर्यावाटे आलेली गोळी कोणाच्या छातीत शिरली हे देशावरील वाचकांनी ध्यानी ठेवावे.

त्यानंतर योजनेचा दुसरा टप्पा आला. ठाणी वाढली, नौका आल्या. आणि ३१ जुलै २०११ रोजी काय दिसले? ओमानच्या बाजूस खलाशांनी सोडून दिलेले 'पवित' नावाचे तेलवाहू जहाज, आत एकही मनुष्य नसता, सुमारे महिनाभर वाहत वाहत येऊन जुहूच्या वाळूत रुतले. नौदल, तटरक्षक व सागरी पोलीस अशा तीन फेऱ्यांचा पहारा होता. तिन्ही फेऱ्या ओलांडून एक निर्मनुष्य जहाज मुंबईच्या दारात येऊन बसले! १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वराजवळ रायफली असलेली एक बेवारस परदेशी नौका लागली, तेव्हाही प्रकार निरुपद्रवी निघाला हे आपले दैव. पहाऱ्याचे श्रेय त्यात नव्हते.

येथे प्रतिपक्षाचा आक्षेप आम्हांस ऐकू येतो : इतका पैसा घालूनही जर हीच गत, तर आणखी पैसा का घालावा? आक्षेप वजनदार आहे आणि त्यास टाळणे आमच्या धंद्यास शोभणार नाही. आमचे उत्तर असे की पैसा घातला तो नौकेवर. नौका चालविणाऱ्यावर नव्हे. नौका विकत घेणे हा समारंभ असतो. नारळ फुटतो, छायाचित्र निघते. तिला रोज लागणारे तेल, सहा महिन्यांनी लागणारी दुरुस्ती, पावसाळ्यात तिला ठेवावयास धक्का आणि ती हाकणारा जाणता तांडेल, यांत समारंभ कोणताच नाही, म्हणून या खर्चाची कलमे मागे पडतात. केंद्राने नौका दिल्या, त्या चालविण्याचा संसार राज्याकडे आला, आणि २०२० साली योजनेची मुदत संपली. आता वडगाव-मांडवगणच्या बाजूचा एखादा तरुण शिपाई डोळ्यांपुढे आणा. त्याने जन्मात समुद्र पाहिलेला नाही. बदलीच्या हुकुमाने त्यास सागरी ठाण्यावर पाठविले. पहिल्याच लाटेस त्याच्या पोटात ढवळले. पाण्यावरचे काम ही शिक्षा आहे असे सोबत्यांनी त्यास सांगितले. आणि तेव्हापासून परत बदलीचा अर्ज लिहिणे हेच त्याचे कर्तव्य झाले. त्याचा यात काय दोष? दर्याचे काम दर्यावर वाढलेल्यास द्यावे हे सांगावयास समिती कशाला पाहिजे? किनाऱ्यावर कोळी, भंडारी, दालदी यांची पोरे कामावाचून बसलेली आहेत. त्यांस ठरीव पगारावर, निवृत्तिवेतनासह, कायम नोकरीत घ्या. हंगामापुरते बोलावून हंगाम सरता घरी पाठवू नका. ज्या कोळ्याकडून रात्री-अपरात्री संशयित होडीची खबर मिळावी अशी अपेक्षा आहे, त्यास आज या पहाऱ्याचा अनुभव काय येतो? कागद दाखव, बिल्ला दाखव, जाळे उचल. तपासणी अवश्य पाहिजे, परंतु तोच आपला पहिला पहारेकरी आहे ही जाणीव तपासणाऱ्यास असेल तर त्याच्या तोंडची भाषा बदलेल.

लोकांच्या अज्ञानाबद्दल बोलताना वर्तमानपत्रांनी आपल्याकडे बोट दाखविणे योग्य. २ सप्टेंबर २०२४ च्या रात्री पोरबंदरजवळ 'हरी लीला' या तेलवाहू जहाजावरील जखमी खलाशास उतरवून आणण्यास निघालेले तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर समुद्रात पडले, तिघे गेले. ५ जानेवारी २०२५ रोजी त्याच पोरबंदरच्या विमानतळावर दलाचे दुसरे हेलिकॉप्टर कोसळले. आणखी तिघे गेले. चार महिन्यांत सहा माणसे. मराठी पत्रांत या बातम्या किती ओळींच्या आल्या आणि कोणत्या पानावर आल्या, हे ज्याने त्याने आपापला जुना अंक काढून पाहावे; आम्ही आमचा काढून पाहिला आणि आम्हांस लाज वाटली. समुद्रावर संकट आले तर तटरक्षकांस १५५४ आणि सागरी पोलिसांस १०९३ या क्रमांकांवर कळवावे, अशी सोय सरकारने केलेली आहे. सहलीस कोकणात जाणाऱ्या पुणेकरांपैकी शंभरांत दोघांस तरी हे आकडे ठाऊक असतील काय?

आणि समुद्र राहिला दूर. आता पुन्हा भीमेच्याच पाण्याकडे येऊ. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेंहून अधिक लोक प्राणांस मुकले. स्वराज्य अवघे महिन्यावर आले होते. सत्त्याहत्तर वर्षांनी, १८ डिसेंबर २०२४ रोजी, घारापुरीस निघालेल्या 'नीलकमल' लाँचवर नौदलाची वेगवान होडी आदळली आणि पंधरा जण मेले. दोष आदळणाऱ्याचा होता, हे खरे. पण ८४ उतारूंचा परवाना असलेल्या लाँचवर शंभरांहून अधिक उतारू होते आणि जीवरक्षक जाकिटे अंगात कोणाच्या होती, कोणाच्या नव्हती. धक्का सुटण्यापूर्वी माणसे मोजणारा एक कारकून आणि जाकीट घातल्यावाचून पाय न ठेवू देणारा एक शिपाई, एवढ्याच खर्चाचा हा प्रश्न होता. त्याच वर्षी २१ मे रोजी करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली होडी उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने उलटली. सहा जण बुडाले. एक पोहून तीरास लागला. प्रेते सापडावयास दोन दिवस लागले. हे पाणी कोणते? वडगाव रासाईच्या काठावरून खाली वाहत गेलेले भीमेचेच. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ साली अंतर्देशीय नौकांचा नवा कायदा झाला आहे. राज्यात खाडीतील लाँचीची आणि धरणातील होडीची नोंद व तपासणी यांचा संबंध शेवटी महाराष्ट्र सागरी मंडळाशीच येतो. मंडळाजवळ निरीक्षक पुरेसे नसतील तर ते घारापुरीच्या धक्क्यावर जसे नसतील तसेच कळाशीच्या तीरावरही नसतील. जो खर्च मुंबईवाल्यांनी द्यावा असे वडगावच्या गृहस्थांचे मत होते, त्यातलीच एक पै कळाशीस पोचली असती तर सहा घरांतील दिवे विझले नसते.

आमचे हे म्हणणे त्या बागाइतदारापुढे त्या संध्याकाळी थोडक्यात मांडले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "कळाशीचं आम्हांला ठाऊक आहे. आमचा एक सोयरा त्या होडीनं नेहमी जायचा." आणि त्यापुढे त्याने जे विचारले ते आमच्या मते त्याच्या पहिल्या प्रश्नाहून शंभर पटींनी अधिक उपयोगाचे आहे : हे सगळे मागावयाचे कोणाकडे?

मागावयाचे आपल्या प्रतिनिधींकडे. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांच्या आमदारांनी येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनात सरकारास विचारावे, की सागरी पोलिसांजवळ किती नौका आहेत, त्यांपैकी आज किती पाण्यावर आहेत, गेल्या वर्षी प्रत्येकीने किती तास गस्त घातली, तेलास व दुरुस्तीस मंजूर रक्कम किती आणि पोचलेली किती. उजनीपासून वर भीमेच्या पात्रात किती होड्या उतारू नेतात आणि शेवटची तपासणी कोणत्या तारखेस झाली. उत्तर छापील मिळावे असा आग्रह धरावा. कोकणच्या आमदाराने हाच प्रश्न विचारला तर त्यास स्वतःच्या मतदारसंघाचे गाऱ्हाणे म्हणून बाजूस सारणे सोपे जाते. देशावरील आमदाराने विचारला तर तसे करता येणार नाही. उत्तर आल्यास ते या स्तंभांत अक्षरशः छापू. न आल्यास तेही छापू.